पुढची सीट

शिकागोला जायचं पक्कं झालं, तेव्हा रोहननं प्रज्ञेशला ते फोनवर सांगितलं नाही. हिंगण्याच्या फ्लॅटवर येऊन, समोर बसून सांगितलं. कंपनी दोन वर्षांसाठी पाठवत होती आणि डिसेंबर संपायच्या आत निघायचं होतं. प्रज्ञेशनं आधी अभिनंदन केलं. मग प्रोजेक्ट कुठला, टीम कुणाची, तिकडं थंडी किती असते, सगळं विचारलं. सायकलचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही. शेवटी चहा संपल्यावर रोहनच म्हणाला, "जानेवारीच्या फेरीचं काय करायचं?"

"रद्द," प्रज्ञेश म्हणाला. "त्यात काय."

नंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आपला मुलगा 'त्यात काय' कधी म्हणतो, ते तिला ठाऊक होतं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, नजर हळूहळू सगळीच जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी रिक्षात बसताना तो हेच म्हणाला होता.

तेव्हा प्रज्ञेश ओव्हाळ हिंजवडीत नवा नवा नोकरीला लागला होता. शहरातले लोक सायकली भंगारात काढून मोटरसायकली घेत होते आणि आयटीतली पोरं मात्र परदेशी बनावटीच्या, बारीक टायरच्या सायकली घेऊन पहाटे शहराबाहेर पडत होती. प्रज्ञेश त्यांतलाच. दर रविवारी तो खडकवासल्याच्या पुढं, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं डोंगरात शिरायचा. त्या रस्त्यांना एखादी एसटी आणि एखादी दुधाची गाडी सोडली, तर दिवसभर कुणी भेटत नसे. मग आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग कडेचं, आणि एके दिवशी भर उन्हात तो उभ्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. सायकल त्यानं दुसऱ्याच दिवशी देऊन टाकली. नोकरी टिकली. कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं त्याच्या कानात वाचून दाखवायचा आणि त्याचं काम चोख चालायचं. पण रविवारी तो घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचा.

रोहन कॉलेजपासूनचा मित्र. त्यानंच शनिवार पेठेतल्या एका सायकलवाल्याला गाठून दोन सायकलींच्या फ्रेम जोडून घेतल्या आणि दोन सीटची एक लांबलचक जोडसायकल घरी आणली. पुढं बसणाऱ्याच्या हाती हँडल, ब्रेक आणि गिअर. मागच्यानं फक्त पायडल मारायचं; दोघांची पायडलं साखळीनं जोडलेली, एकदमच फिरणारी. वर्षभर दोघं दर रविवारी जात होते. आणि आता जानेवारीत एका लहानशा सायकल क्लबनं फेरी ठेवली होती. खडकवासल्याहून निघून खानापूर, तिथून पाबे घाट चढून पलीकडं वेल्हे, मग कादवे खिंडीतून पानशेतच्या पाण्यावर उतरायचं आणि परत खडकवासला. दिसत होतं तेव्हा प्रज्ञेशनं ही वाट कितीदा तरी केली होती. एकदा पुन्हा करायची, एवढंच त्याच्या मनात होतं.

रोहन घरी गेल्यावर त्या रात्री जेवताना नंदा म्हणाली, "पुढं मी बसले तर?"

प्रज्ञेश हसला. तिचा नवरा कचरू खडकीच्या कारखान्यातून नुकताच रिटायर झाला होता. तो ताटातून मान वर न काढता म्हणाला, "उत्तम. पडलात तर एकाच वेळी पडाल. मला दवाखान्यात दोन खेपा नकोत."

"मी गंमत नाही करत," नंदा म्हणाली.

ती चोपन्न वर्षांची होती. पाटबंधारे खात्यात टायपिस्ट म्हणून लागली, त्या दिवसापासून ऑफिसला सायकलनंच जात होती. बरोबरच्या बायकांनी लुना घेतल्या, मग स्कूट्या घेतल्या. सिंहगड रोडवर गाड्यांची एवढी गर्दी झाली, की लोक तिला वेड्यात काढू लागले. तिनं सायकल सोडली नाही. पण घाट ती कधी चढली नव्हती. रोज ज्या धरणांची नावं टाइप करायची, त्यांतलं खडकवासला सोडून एकही तिनं डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी जोडसायकल कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर नेली. तिथं गाड्या येत नसत. नंदानं पंजाबी ड्रेसच्या ओढणीला गाठ मारली, पुढं बसली आणि म्हणाली, "चल." प्रज्ञेशनं त्याच्या सवयीनं जोरात पायडल मारलं. तिच्या पायाखालचं पायडल गर्रकन फिरलं, तिचा पाय सुटला, तिनं घाबरून ब्रेक दाबला, आणि दोघं कडेच्या गवतात आडवे झाले.

"ब्रेक दाबताना सांगायचं असतं, आई."

"आणि जोर लावताना?"

तिनं उठून कोपर झटकलं. "हे बघ," ती म्हणाली, "घरात तू दिवसदिवस बोलत नाहीस, ते मी चालवून घेते. इथं नाही चालणार. तुझ्या पायांच्या मनात काय आहे ते मला आधी कळायला पाहिजे."

मग दोघांनी शब्द ठरवले. 'लाव' म्हणजे जोर. 'सोड' म्हणजे पाय थांबव. 'खड्डा', 'डावं', 'उजवं', 'थांबते'. नंदा ते शब्द भाजीवाल्याला भाव सांगावा तशा कोरडेपणानं म्हणायची. आठवडाभरात ते कालव्यावरून न पडता जाऊ-येऊ लागले. महिनाभरात डोणज्यापर्यंत. चढावर तिचा श्वास फुलायचा, पण पायांत दम होता. एवढ्या वर्षांची ऑफिसची वाट कुठं वाया गेली नव्हती. भीती होती ती उताराची. उतार लागला की तिची बोटं ब्रेकवर आवळायची ती सुटायचीच नाहीत. रबराचा वास मागं प्रज्ञेशच्या नाकात जायचा.

"आई, एवढं दाबून धरलंस तर चाक तापतं. ट्यूब फुटेल."

"फुटली तर फुटली. डोकं तर फुटणार नाही."

फेरीच्या दिवशी खडकवासल्याला धरणाच्या भिंतीपाशी उजाडता उजाडता शंभरेक सायकली जमल्या होत्या. पाण्यावर धुकं होतं आणि पोरांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. अंगाला चिकटलेल्या रंगीत कपड्यांतल्या त्या गर्दीत नंदा तिच्या तपकिरी पंजाबी ड्रेसवर स्वेटर आणि डोक्यावर रोहनचं जुनं हेल्मेट घालून उभी होती. क्लबची तनुजा नावाची मुलगी नावं बघत होती. ती धायरीची, एका शेतकरी घरातली, त्याच रस्त्यांवर वाढलेली. तिनं एकदा जोडसायकलकडं पाहिलं, एकदा नंदाकडं.

"काकू, कादवे खिंडीचा रोड बेकार आहे हं. सगळ्यांच्या मागं माझी जीप आहे. दमलात की बिनधास्त बसायचं, नो प्रॉब्लेम."

"बरं," नंदा म्हणाली.

खानापूरपर्यंत छान गेलं. पाबे घाटाचा चढ लागला, तशा सगळ्या सायकली एकेक करून त्यांना मागं टाकून जाऊ लागल्या. जोडसायकल चढावर जड चालते, त्याला इलाज नसतो. निळ्या जर्सीतली दोन मुलं शेजारून गेली, त्यांतला एक म्हणाला, "काकू, टेक केअर हं. घाई करू नका." उत्तर द्यायला नंदापाशी श्वासच नव्हता.

"लाव," ती म्हणायची, आणि मागून प्रज्ञेश लावायचा. वळण आलं की ती सांगायची. थोड्या वेळानं वळणाआधीच तो म्हणू लागला, "आता उजवं आहे, आणि मग मोठा चढ." रस्ता त्याच्या पायांना आठवत होता. गाड्यांचा आवाज कुठंच नव्हता. खालच्या दरीत कुणीतरी गुरांना हाका घालत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. एका ठिकाणी तिला वाटलं, आता पाय उचलणारच नाही, आणि तेवढ्यात पायडल आपोआप हलकं झालं. प्रज्ञेश मागून, न सांगता, दोघांचाही भार ओढत होता. थोडं सावरल्यावर तिनं पुन्हा स्वतःचे पाय कामाला लावले.

माथ्यावर पोचल्यावर ती थांबली. समोर तोरणा आणि राजगड उन्हात उभे होते.

"दिसले?" प्रज्ञेशनं विचारलं.

"दोन्ही. तोरण्याच्या खाली अजून धुकं आहे. राजगड मोकळा आहे."

तो बराच वेळ त्या दिशेला तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "आता उतार. आई, दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. धरून ठेवायचं नाही."

"हो."

पण पहिल्याच वळणाला तिची बोटं आवळली. कडेला दरी होती आणि मागं मुलगा होता, त्याच्या हातात काही नव्हतं. ती धरून राहिली. वास आला, प्रज्ञेश "ब्रेक सोड, सोड" म्हणत राहिला, आणि घाट जवळजवळ उतरून झाला होता, तेव्हा मागचा टायर बंदुकीच्या बारासारखा फुटला. मागचं चाक रस्त्यावर साप वळवळावा तसं वळवळलं. नंदाला काही सुचलं नाही. फक्त दरीकडं जायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. तिनं हँडल डोंगराच्या बाजूला धरलं, आणि सायकल कडेला रचलेल्या वाळल्या गवताच्या ढिगात घुसून थांबली.

"प्रज्ञेश."

"आहे. लागलं नाही. तुला?"

"नाही." तिला हात हँडलवरून काढताच येईनात.

गवत रचणारी म्हातारी पलीकडून आली. यमुनाबाई तिचं नाव. तिनं आधी गवताकडं पाहिलं, मग माणसांकडं, आणि तांब्यातून पाणी दिलं. प्रज्ञेश चाचपडत सायकलच्या मागच्या चाकापाशी बसला, ते बघून ती म्हणाली, "पोराला दिसत न्हाय व्हय?"

"नाही," नंदा म्हणाली.

"तुला दिसतंय न्हवं?"

"हो."

"मग झालं की," यमुनाबाई म्हणाली आणि पुन्हा गवताला लागली.

चाक एवढं तापलं होतं, की त्यावर पाणी ओतावं लागलं. मग प्रज्ञेशनं ते काढलं, टायरच्या आतून बोटं फिरवून पाहिली, फाटकी ट्यूब काढून नवी बसवली आणि पंपानं हवा भरली. या कामाला त्याला डोळे लागत नव्हते. नंदा शेजारी बसून होती. एवढ्यात तनुजाची जीप आली. वेल्ह्याच्या पुढं सगळे गेले आहेत, ती म्हणाली. फेरी संपते तिथला, खडकवासल्याचा मांडव दुपारनंतर काढायचा आहे. सायकल टपावर टाकू या.

प्रज्ञेशनं हात पुसले. "आई, बास. पाबे चढलो, पुष्कळ झालं. त्यात काय."

नंदानं त्याच्याकडं पाहिलं. "तू दमलास?"

"मी नाही."

"मग कुणासाठी थांबायचं? मी दमले का, ते तू मला विचारलंस?"

"दमलीस का?"

"दमले," नंदा म्हणाली. "चल, बस मागं."

तनुजा पुन्हा जीपमध्ये जाऊन बसली. जीप लांबून त्यांच्या मागं येत राहिली.

वेल्ह्यात त्यांनी केळी खाल्ली आणि कादवे खिंडीकडं वळले. इथं रस्ता खरोखरच उखडला होता. एका वळणावर खडी एवढी सैल होती, की चाक जागच्या जागी फिरू लागलं. दोघं खाली उतरले. नंदानं हँडल धरून ओढलं, प्रज्ञेशनं मागून ढकललं. वरती डांबर लागलं, तिथं पुन्हा बसले. आजूबाजूला करवंदीच्या जाळ्या आणि उन्हात तापलेला कातळ, बाकी कुणी नाही. नंदाच्या मांड्या पेटल्या होत्या. "लाव," ती म्हणायची आणि मागून उत्तर यायचं, "लावलंय." मग ती दुसरंच बोलू लागली. काय दिसतं ते. झाडावरची घार. शेतात कापून टाकलेलं पीक. लांबवर पाठीवर मोळी घेऊन चाललेल्या दोन बायका. प्रज्ञेश मधेमधे विचारायचा, "कोणत्या बाजूला?" आणि ती सांगायची. असं बोलत बोलत चढ संपला, तेव्हा दोघांनाही क्षणभर कळलं नाही.

खिंडीच्या पलीकडं खाली पाणी होतं. डोंगरांच्या बोटांमधून शिरलेलं, निळं, लांबच लांब.

"पानशेत," नंदा म्हणाली. "एवढं मोठं असेल, असं मला वाटलं नव्हतं." रोज सकाळी या पाण्याची पातळी ती कागदावर उतरवत आली होती.

"आता उतरायचंय," प्रज्ञेश म्हणाला. आवाज शांत होता, पण तो सीटवर ताठ बसलाय, ते तिला कळलं.

"हे बघ," ती म्हणाली, "मी आता ब्रेक सोडणार आहे. तुला भीती वाटली तर सांग."

"मला नाही वाटत. मला तर दरी दिसतच नाही."

ती हसली. खूप दिवसांत एवढं मोठ्यानं हसली नव्हती. मग तिनं पाय उचलला.

पहिल्या वळणाला दाबलं, सोडलं. दुसऱ्याला दाबलं, सोडलं. सायकल खाली झेपावली, वारा कानात घोंगावू लागला. तिची बोटं सैल राहिली. तिसऱ्या वळणाला ती "डावं" म्हणाली आणि त्याच क्षणी दोघं एकदम डावीकडं कलले, एकाच अंगानं कलावं तसे. नजर गेल्यापासून रस्ता ओलांडताना, जिना उतरताना, बसमध्ये चढताना तिचा हात त्याच्या कोपरावर असायचा आणि मान सारखी मागं वळायची. आता तो तिच्या पाठीशी होता आणि खिंडीपासून तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच नव्हती. तो आहे, हे तिला पायडलमधून कळत होतं. खाली रस्ता सरळ झाला, तशी तिनं बोटं ब्रेकवरून पूर्ण उचलली.

मागून प्रज्ञेश काहीतरी ओरडला. वाऱ्यात शब्द गेले. पण तो आवाज तिनं ओळखला. लहानपणी तळजाई टेकडीच्या उतारावरून धावत येताना तो असाच आवाज काढायचा.

पानशेतपासून खडकवासल्यापर्यंत रस्ता नदीच्या आणि मग धरणाच्या पाण्याच्या कडेनं जातो, थोडा उतरता, थोडा सपाट. जड सायकल एकदा वेगात आली की असल्या रस्त्यावर तिला थांबवणं अवघड. दोघांचे पाय आता एकत्र फिरत होते. सोनापूर गेलं. झाडांच्या सावल्या चाकाखालून सरकत होत्या. मालखेडच्या अलीकडं नंदाला पुढं दोन निळ्या जर्सी दिसल्या.

"सकाळची ती दोन पोरं आहेत," ती म्हणाली. "टेक केअरवाली."

"किती लांब?"

"चार खांब."

"मग लाव म्हण की."

"लाव," नंदा म्हणाली.

खांब कमी होत गेले. दोन. एक. पोरांनी मागं वळून पाहिलं, वेग वाढवला, पण दिवसभराच्या चढांनी त्यांचे पाय गेले होते. जोडसायकल त्यांच्या शेजारून गेली, तेव्हा नंदानं मान किंचित वळवली आणि म्हणाली, "घाई करू नका हं." मागं प्रज्ञेश एवढा हसला, की सायकल हलली. पोरं काही अंतर त्यांच्या मागं, वाऱ्याच्या आडोशानं चिकटून राहिली. गोऱ्ह्याच्या छोट्याशा चढावर तीही मागं राहिली. त्यानंतर त्यांनी आणखी एकाला गाठलं, मग तिघांच्या एका घोळक्याला. प्रत्येक वेळी नंदा सांगायची, "गेला," आणि प्रज्ञेश मागून म्हणायचा, "पुढचा कुठाय?"

खडकवासल्याला मांडव अजून उभा होता. लोक भजी खात होते. जोडसायकल वळणावरून आली, तशी बोलणी थांबली. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळेच वाजवू लागले. नंदानं ब्रेक दाबला आणि सवयीनं म्हणाली, "थांबते." दोघांनी एकदम पाय टेकवले. उतरताना तिचा तोल मात्र गेला, आणि प्रज्ञेशनं मागून तिचा दंड धरून तिला उभं केलं. तनुजा जीपमधून उतरून धावत आली. तिनं नंदाला मिठी मारली.

"काकू, जीप रिकामीच आली," ती म्हणाली.

प्रज्ञेशभोवती मुलं जमली. सायकल कुणी केली, वळणं कशी कळतात, उतारावर काय वाटतं, सगळे विचारत होते. तो बोलत होता. हात हलवून, चेहरा वर करून, घडाघडा बोलत होता. नंदा भज्यांची ताटली हातात घेऊन नुसती ऐकत राहिली. एवढं बोलताना तिनं त्याला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

गर्दीच्या कडेला कचरू उभा होता. शेजाऱ्याचा टेंपो घेऊन आला होता. तो सकाळपासून इथंच होता, हे नंदाला येरझाऱ्या घालून त्याच्या चपलांवर साचलेल्या धुळीवरून कळलं.

"आलात," तो म्हणाला. "मला वाटलं, वेल्ह्यात घर बघताय." मग त्यानं प्रज्ञेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही वेळ तो काढलाच नाही. "चला. सायकल टाका टेंपोत. गाद्या घातल्यात मागं."

नंदानं हेल्मेटचा पट्टा पुन्हा आवळला.

"तुम्ही या सावकाश टेंपोतून," ती म्हणाली. "सिंहगड रोडला या वेळेला गाड्या तुंबलेल्या असतात. आम्ही पुढं होतो."

कचरू काही बोलायच्या आत प्रज्ञेश मागच्या सीटवर बसला होता. नंदानं हँडल धरलं.

"लाव," ती म्हणाली.